अण्णांचे सोळा आणे

शनिवारची संध्याकाळ होती. मुलांना घेऊन बसावं, एखादा ऐतिहासिक सिनेमा लावावा, चार गोष्टी त्यांच्या कानावर पडाव्यात, एवढीच माझी माफक इच्छा. चूक माझीच झाली. मी जिना उतरून तळमजल्यावर अण्णांकडे गेलो आणि म्हणालो, "अण्णा, एखादा चांगला ऐतिहासिक सिनेमा सांगा ना. फार फेकाफेकी नसलेला."

अण्णांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकाला पुसला आणि परत चढवला. आत माईंनी गॅस बंद केला. त्यांना अनुभव होता.

"बस," अण्णा म्हणाले. "काळ कुठला पाहिजे?"

मी साडेसातला खाली गेलो होतो. पावणेदहाला वर आलो तेव्हा मुलं झोपून गेली होती, बायको बोलत नव्हती आणि माझ्या हातात एक पाठकोरा कागद होता. त्यावर नऊ सिनेमांची नावं, प्रत्येक नावापुढे आणे आणि आण्यांपुढे हिरव्या शाईत शेरा.

आणे म्हणजे खरोखरचे आणे. सरकारने 1957 साली दशमान पद्धत आणली आणि व्यवहारातून आणे काढून टाकले. अण्णांच्या व्यवहारातून मात्र ते गेलेले नाहीत. लोक सिनेमाला तारे देतात, अण्णा आणे देतात. सोळा आणे म्हणजे संपूर्ण खरा. अमुक सिनेमा बारा आणे म्हणजे त्यात बारा आणे इतिहास आणि चार आणे मसाला. आजवर एकाही सिनेमाला त्यांनी सोळा आणे दिलेले नाहीत. "सोळा आणे फक्त अजिंक्यतारा," असं म्हणून ते गॅलरीतून दिसणाऱ्या किल्ल्याकडे बोट करतात. "बाकी सगळं कुणीतरी सांगितलेलं."

अण्णांची सगळी नोकरी ऑडिटात गेली. माणूस निवृत्त होतो, ऑडिटर होत नाही. भाजीवाल्याने वाटाण्याचा भाव सांगितला तरी त्यांच्या भुवया आधी वर जातात आणि मग हात पाकिटाकडे जातो. कुणी काही ठासून सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असतो, "व्हाउचर आहे का?" सून माहेरून आली आणि म्हणाली, "घाटात केवढा पाऊस होता!" तरी अण्णा हेच विचारतात. सून आता पावसाचे फोटो काढून आणते.

सिनेमा बघण्याचा त्यांचा सरंजाम ठरलेला आहे. लाल कापडी पाठीचं एक जाड रजिस्टर, त्यात पट्टीने आखलेले चार रकाने: दृश्य, आक्षेप, व्हाउचर, शेरा. थिएटरात अंधार असतो म्हणून शर्टाच्या खिशात पेनाएवढी बॅटरी. सुरुवातीची पाटी येते तेव्हा सगळं थिएटर पॉपकॉर्नची पाकिटं फोडत असतं. हा चित्रपट अमुक घटनांवर आधारित असून त्यात कलात्मक स्वातंत्र्य घेतलं आहे, कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही, वगैरे. ती पाटी अण्णा पूर्ण वाचतात, मोठ्याने, आणि शेजारच्याला सांगतात, "आता लक्ष द्या. अख्ख्या सिनेमात एवढाच मजकूर खरा असतो."

घरी बघायचं तर त्याहून कठीण, कारण घरी थांबवायचं बटण आहे. दोन तासांचा सिनेमा पाच तास चालतो. माई तेवढ्यात गवार निवडतात, लसूण सोलतात, मधेच शेजारी हळदीकुंकवाला जाऊन येतात. परत आल्या की महाराज तिथेच असतात, एक पाय रिकिबीत घातलेले. अण्णा टीव्हीपासून वीतभर अंतरावर उभे राहून मागच्या झाडाकडे बघत असतात.

झाडं हा त्यांचा खास विषय. "ही बघ बोगनवेल. मूळची ब्राझीलकडची, नाव पडलं अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच दर्यावर्द्यावरून. आणि फुललीये कुठं? राजगडावर! हा गुलमोहर मादागास्करचा, इंग्रजी अमदानीतला पाहुणा. ही नीलगिरी ऑस्ट्रेलियाची. म्हणजे अफजलखान विजापूरहून निघाला आणि ऑस्ट्रेलियावरून आला, असं धरायचं का?" पंगतीच्या प्रसंगात त्यांची नजर नायकावर नसते, ताटावर असते. मिरचीला ते सोडून देतात, कारण पोर्तुगीजांनी ती आधीच आणलेली होती. बटाट्याची भाजी दिसली की पेन उघडतं. मावळा भरजरी संस्कृत मराठीत बोलायला लागला तरी उघडतं. "महाराजांना राज्यव्यवहारकोश करून घ्यावा लागला, तो का? दरबारी बोली फारसी शब्दांनी भरली होती म्हणून. आणि हा गडी बघ, आत्ताच व्याकरणाचा तास संपवून आल्यासारखा बोलतोय!"

एकदा मेणवलीला एका मालिकेचं शूटिंग चाललं होतं. वाईला कुणाच्या तरी मुंजीला गेलो होतो, तिथून अण्णा मला ओढून घेऊन गेले. कृष्णेचा घाट, मागे नाना फडणविसांचा वाडा, पाण्यात नायिकेची सावली, झकास दृश्य होतं. कॅमेऱ्यापासून दहा हातांवर एक पोरगा हातात कागद घेऊन उभा होता. अण्णांनी त्याला गाठलं.

"बाळ, तो गुलमोहर दिसतोय मागे."

"हो काका, मस्त दिसतोय ना?"

"गोष्ट कधीची आहे?"

"पेशव्यांची काका."

"मग तो झाकावा लागेल."

पोराने एकदा अण्णांकडे आणि एकदा तीस फुटी गुलमोहराकडे बघितलं. "शॉट झाला की बोलू काका," म्हणाला आणि अण्णांना खुर्ची दिली. त्या खुर्चीवर अण्णा दोन तास बसले. दिग्दर्शकाने ती मोठी घंटा चौकटीत घेतली, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उजळला. "ही खरी. पोर्तुगीजांची. चिमाजीअप्पांनी 1739 ला वसई घेतली, त्या मोहिमेतली." परतीच्या एसटीत ते बराच वेळ गप्प होते. लिंब गेल्यावर म्हणाले, "पोरगा चांगला होता. पण गुलमोहर राहिला."

अण्णांची ही यादी आमच्या कॉलनीत झेरॉक्स होऊन फिरते, पण ती समजायला त्यांचं शास्त्र माहीत असावं लागतं. सिनेमातली चूक तीन प्रकारची असते, असं ते मानतात: नजरचूक, सोय आणि अफरातफर. गुलमोहर ही नजरचूक. तिला एक पैसा दंड, जास्त नाही. दोन माणसांचं एक पात्र केलं, सहा महिन्यांची गोष्ट सहा दिवसांत बसवली, ही सोय. "दोन तासांत बसवायचं म्हटल्यावर त्यांनी तरी काय करावं? आपण नाही का बदलीच्या गावी अख्खा संसार एका टेंपोत घालत? काही डबे मागेच राहतात." अफरातफर मात्र त्यांना सहन होत नाही. केलं एकाने, लिहिलं दुसऱ्याच्या नावावर, किंवा जे घडलंच नाही ते केवळ टाळ्यांसाठी घातलं, तर अण्णा रजिस्टर मिटून ठेवतात. ऑडिटरने दप्तर मिटलं की समजायचं, प्रकरण वर गेलं.

त्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे 'ब्रेव्हहार्ट'. नातवाने मोठ्या हौसेने लावला होता. "1297 साली स्टर्लिंग ब्रिजची लढाई झाली. इंग्रज फौज अरुंद पुलावर अडकली म्हणून तर हे स्कॉटिश लोक जिंकले. आणि सिनेमात पूलच नाही! उघड्या माळावर लढतायत. म्हणजे उद्या कुणी पावनखिंडीवर सिनेमा काढायचा आणि खिंड दाखवायची नाही!" पुढे नायकाचं आणि राजकन्या इझाबेलाचं प्रेमप्रकरण सुरू झालं, तेव्हा अण्णांनी चष्माच काढून ठेवला. ती तेव्हा लहान मुलगी होती आणि फ्रान्समध्ये होती. 'ब्रेव्हहार्ट'ला दोन आणे. "तेही घोड्यांचे. घोडी खरी होती."

उलट 'अपोलो 13'ला साडेपंधरा. तरंगण्याची दृश्यं खऱ्या विमानात, विमान सूर मारतं तेवढ्या सेकंदांच्या भारहीन अवस्थेत घेतली, याचं त्यांना भारी कौतुक. अर्धा आणा कापला तो व्याकरणासाठी. "ह्यूस्टन, अडचण आहे, असं तो म्हणतो. मूळ ध्वनिफितीत अडचण आली होती, असं आहे. काळ बदलला. आणि ते वाक्य आधी म्हणाला स्विगर्ट, सिनेमात म्हणतो लव्हेल." हे सांगताना अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते चंद्रावर उतरलेल्यांच्या चेहऱ्यावरही नसेल.

पर्ल हार्बरसाठी ते 1970 चा 'तोरा! तोरा! तोरा!' सुचवतात. अमेरिकी बाजू अमेरिकी दिग्दर्शकाने आणि जपानी बाजू जपानी दिग्दर्शकांनी केली म्हणून. "दोन्ही पक्षांच्या सह्या आहेत वहीवर." त्याला पंधरा. शेवटी ॲडमिरल यामामोटो झोपलेल्या राक्षसाला जागं केल्याबद्दलचं जे वाक्य बोलतो, त्याचा एक आणा गेला. ते वाक्य तो बोलल्याचा पुरावा नाही. "सगळ्या जगाला सिनेमातलं तेवढंच वाक्य पाठ आहे," हे ते दर वेळी सांगतात आणि दर वेळी उसासा टाकतात.

आपल्याकडच्या सिनेमांबद्दल विचारलं की आवाज जरा खाली येतो. घरचं ऑडिट नेहमीच अवघड. 'तान्हाजी' पाहून आले तेव्हा त्यांनी सभासद बखर काढून दाखवली. मावळे वानरासारखे कडा चढून गेले, एवढं तिथे आहे, घोरपड नाही, आणि सिनेमातली ती अजस्र तोफ तर नाहीच नाही. "अरे, माघ महिन्यातली रात्र, उभा कडा, तीनशे माणसं. यात तोफ कशाला पाहिजे? एवढं पुरत नाही तुम्हाला?" हे शेवटचं वाक्य ते रागाने बोलत नाहीत, दुखावल्यासारखे बोलतात. 'बाजीराव मस्तानी' आला त्यानंतरच्या गणपतीत कॉलनीतल्या दोन मुलींनी पिंगा बसवला होता आणि परीक्षक होते अण्णा. त्यांनी नृत्याला दहापैकी नऊ दिले, इतिहासाला एक दिला, सरासरी पाच काढली आणि माइक हातात घेऊन काशीबाईंचा पाय अधू होता, यावर दहा मिनिटं बोलले. काशीबाई झालेली मुलगी त्यांचीच नात होती. ती आठवडाभर बोलली नाही. माई दोन आठवडे.

प्रभातच्या 'रामशास्त्री'वर मात्र त्यांचा जीव आहे. 1944 चा सिनेमा. गजानन जागीरदारांचं नाव काढलं की अण्णा खुर्चीत सरळ होतात. 'ध'चा 'मा' केलेलं ते पत्र मला कुणीतरी दाखवा, असं गेली चाळीस वर्षं म्हणत आलेला हा माणूस त्या सिनेमाला तेरा आणे देतो. "पत्र असो नसो, भर दरबारात पेशव्याला देहान्त प्रायश्चित्त सांगणारा माणूस होता ना? मग झालं." सत्यजित रायांच्या 'शतरंज के खिलाड़ी'ला चौदा. 1856 सालची अवधची गोष्ट. "लढाई न होता अख्खं राज्य जातं. तलवारबाजीच्या सिनेमांपेक्षा हे जास्त खरं. आणि नवाब कोण, तर अमजद खान! दोनच वर्षांपूर्वी गब्बर झालेला." 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ला पंधरा. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी खाणावळीतल्या साळुंक्यांना उभं केलं, आणि 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्र लागलं. हे सगळं अण्णा असं सांगतात की तिकीट काढून तेही तिथे बसले होते.

'आनंदी गोपाळ'ची गोष्ट वेगळी. तो आम्ही चौघांनी थिएटरात पाहिला. मी, बायको, अण्णा, माई. आनंदीबाई 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, तरी शेवटी माई पदराने डोळे पुसत होत्या. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, किती आणे?" त्यांनी रजिस्टर उघडलं. पहिल्या अर्ध्या तासात तीन आक्षेप होते. पुढचं पान कोरं. त्याच्या पुढचंही. अण्णांनी पानं उलटून पाहिली, जणू दुसऱ्या कुणाची तरी तपासणी करायची राहून गेली होती. "बॅटरी संपली वाटतं," असं म्हणून ते पार्किंगकडे चालू लागले. घरी आल्यावर मी त्यांच्या खिशातली बॅटरी दाबून पाहिली. लख्ख लागली.

अण्णांचा सर्वांत मोठा शोध म्हणजे ताळमेळ. एकटा सिनेमा बघायचा नाही, जोडीने बघायचा. "बँकेचं पासबुक आणि आपली वही समोरासमोर ठेवतो की नाही?" ॲटनबरोंचा 'गांधी' तीन तास अकरा मिनिटांचा. त्यात कस्तुरबा झाल्यात आपल्या रोहिणी हट्टंगडी. कपडे आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैय्यांचे आणि त्याला ऑस्कर. पण एवढ्या तीन तासांत बाबासाहेब एकदाही येत नाहीत. म्हणून 'गांधी' पाहिला की लगेच जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' पाहायचा. मामुट्टी बाबासाहेब होणार हे ऐकलं तेव्हा अण्णांनी आक्षेप घेतला होता. पाहून आल्यावर त्यांनी तो आक्षेप स्वतःच्या हाताने खोडला आणि खाली सही केली. मग केतन मेहतांचा 'सरदार'. त्याची पटकथा तेंडुलकरांची. "तिन्ही वह्या जुळवल्या की शिल्लक किती, ते ज्याचं त्याने काढायचं. एकाच वहीवर विश्वास ठेवला की अफरातफर झालीच समज."

यातला 'गांधी' हा अण्णांच्या घरात नुसता सिनेमा नाही. ते कौटुंबिक प्रकरण आहे. अण्णांची नोकरीतली दोन वर्षं दिल्लीत गेली. 31 जानेवारी 1981, शनिवार. राजपथावर गांधीजींच्या अंत्ययात्रेचं चित्रीकरण झालं. तीन लाखांचा जमाव. त्या तीन लाखांत अण्णा होते, आणि ते पडद्यावर दिसतात, असं अण्णांचं म्हणणं आहे. डावीकडे, तिसऱ्या सैनिकाच्या मागे, मफलर.

पडद्यावर ती यात्रा जेमतेम दोन मिनिटांची आहे. व्हिडिओ कॅसेटवर, मग सीडीवर, मग मोठ्या टीव्हीवर घरातल्या तीन पिढ्यांनी ती दोन मिनिटं थांबवून थांबवून पाहिली आहेत. "तो बघ! गेला. मागे घे. अरे, फार मागे गेलास." आजवर अण्णांखेरीज तो मफलर कुणाला दिसलेला नाही. मुलगा "हो हो, दिसला" म्हणतो, कारण त्याला जेवायचं असतं. जावयाला पहिल्या दिवाळसणाला दिसला होता. पुढच्या वर्षीपासून दिसेनासा झाला.

माईंना एकदा मी हळूच विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "गेले होते खरे," म्हणाल्या. "सकाळी अंधारात. मफलर मीच दिला होता, थंडी केवढी. संध्याकाळी आले तेव्हा पाय सुजलेले होते. आल्या आल्या म्हणाले, गर्दीत काही दिसलं नाही गं." तांदळातला एक खडा त्यांनी बाजूला ठेवला. "मग सिनेमा आला, तेव्हापासून दिसायला लागलं."

गेल्या 30 जानेवारीला नेहमीप्रमाणे सिनेमा लावला होता. काशीबाई झालेली ती नात आता कॉलेजात जाते, इतिहासच घेतलाय. दोन मिनिटं आली, अण्णा उठले, टीव्हीजवळ गेले, बोट ठेवलं. "तो बघ!"

नात म्हणाली, "अण्णा, व्हाउचर आहे का?"

माईंचा हात गवारीवर थांबला. मी चहाचा कप तोंडाशी नेला होता तो तसाच राहिला. अण्णा वळले. पोरीने पुढे विचारलं, "म्हणजे ही नजरचूक आहे, सोय आहे, की अफरातफर?"

अण्णा बराच वेळ पडद्याकडे बघत उभे राहिले. पडद्यावर तीन लाख माणसं थांबून होती. मग ते खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "मी तिथं होतो, हे सोळा आणे. दिसतो, हे..." पुढे काही बोलले नाहीत. रजिस्टर तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "तूच घाल नोंद."

तिने नोंद घातली. मी नंतर ती वाचली. दृश्य: अंत्ययात्रा. आक्षेप: अण्णा दिसतात. व्हाउचर: अण्णा. शेऱ्याचा रकाना तिने रिकामा सोडला होता. त्यात अण्णांच्या हिरव्या शाईत दोन ओळी होत्या: "साक्षीदार एकच, तोही हितसंबंधी. पुरावा अपुरा. तरी बघायला हरकत नाही."